काळी ज्वारी

2023च्या डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळ चेन्नईला खेटून आंध्रकडे गेलं. वेळच्चेरीतल्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात दोन दिवस पोटरीपर्यंत पाणी होतं आणि चार दिवस वीज नव्हती. आम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे राहिलो. पाणी ओसरल्यावर खाली आलो तर फ्रीज आडवा, गाद्या फुगलेल्या, आणि पलंगाखाली सरकवलेलं ज्वारीचं पोतं. वीस किलो होती, दादानं परभणीहून पाठवलेली. वरून कोरडी वाटली म्हणून आवराआवरीच्या गडबडीत ते तसंच राहिलं. तीन दिवसांनी तोंड सोडलं आणि कुबट वास अंगावर आला. खालचा थर एकमेकांना चिकटून त्याची ढेप झालेली. तिच्यावर हिरवट, मधेच पांढरी, एका कोपऱ्यात गुलाबीसर बुरशी.

नवरा म्हणाला, "पूंजै." तो तमिळ आहे. माझं मराठी त्याला समजतं, पण वस्तूंची नावं तो आपल्याच भाषेत घेतो. अत्तै, म्हणजे माझ्या सासूबाई, नाकाला पदर लावून म्हणाल्या, हे सोळम आजच्या आज घराबाहेर जाऊ दे. ते गेलंच. पण त्याआधी मी हातमोजे घालून वरून, मधून, खालून अशी मूठमूठ ज्वारी काढली, तीन पिशव्यांत भरली, पिशव्यांवर तारीख लिहिली. हे कशाला, असं नवऱ्यानं विचारलं. सवय, मी म्हटलं. ते पूर्ण खरं नव्हतं.

गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत अन्न आणि पशुखाद्य तपासणाऱ्या एका खाजगी प्रयोगशाळेत मी सोळा वर्षं काम करते. माझ्या टेबलावर येणाऱ्या नमुन्यांना नाव-गाव नसतं, नंबर असतो. मका, शेंगदाणे, मिरची, तांदूळ, कोंबड्यांचं खाद्य. दळायचं, त्यातलं पंचवीस ग्रॅम मोजून घ्यायचं, द्रावकात घुसळायचं, गाळायचं, छोट्याशा स्तंभातून उतरवायचं आणि यंत्राला द्यायचं. मग पडद्यावर सरळ रेघ चालत राहते आणि ठरलेल्या मिनिटाला, विष असेल तर, एक टेंगूळ उठतं. त्याला आम्ही पीक म्हणतो, इंग्रजीतलं. परभणीच्या मुलीला पहिली काही वर्षं हा शब्द ऐकून हसू यायचं. इथे पीक जितकं उंच तितकं वाईट.

बुरशीच्या विषांतलं सगळ्यांना ठाऊक असलेलं म्हणजे अफ्लाटॉक्सिन. 1974 साली गुजरातच्या पंचमहालात आणि राजस्थानच्या बांसवाड्यात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं कावीळ होऊन, पोटात पाणी होऊन गेली, ती याच विषानं. ते यकृतावर जातं, कर्करोग करतं, त्याबद्दल कुणाच्या मनात शंका नाही. पण माझं ज्याच्याशी नातं जडलं ते दुसरंच. त्याचं नाव झिअरॅलेनोन. मक्याच्या शास्त्रीय नावातलं 'झिआ' त्यात आहे. फ्युजेरियम नावाच्या बुरशीच्या काही जाती ते तयार करतात. ते माणसाला मारत नाही, तापही आणत नाही. ते शरीरात जाऊन स्त्रीचं संप्रेरक असल्याची बतावणी करतं.

ही बतावणी पहिल्यांदा पकडली गेली ती डुकरांमुळे. 1920च्या दशकात अमेरिकेच्या आयोवा भागात शेतकऱ्यांच्या लक्षात आलं, की बुरसलेला मका खाल्लेल्या कोवळ्या माद्या वयात आल्यासारख्या दिसायला लागतात. योनिमुख सुजतं, आचळं वाढतात, काहींचं तर गर्भाशयच बाहेर येतं. 1928मध्ये याची नोंद झाली. कारण कळायला मात्र चौतीस वर्षं लागली. 1962 साली पर्ड्यू विद्यापीठात त्या बुरशीतून हा पदार्थ वेगळा काढला आणि 1966 साली त्याची रचना ठरली. रचना पाहिली तर तो इस्ट्रोजेनचा सख्खा सोडाच, चुलत भाऊही नाही. पण त्याचा रेणू असा काही वळतो, की पेशीतल्या इस्ट्रोजेनच्या कुलपात ही किल्ली बसते. पूर्ण नाही, पण दार उघडण्यापुरती. खऱ्या संप्रेरकापेक्षा ती बरीच दुबळी. मात्र शरीरात गेल्यावर यकृत तिचं जे रूपांतर करतं, त्यातलं एक मूळ विषापेक्षा कित्येक पटींनी जोरकस असतं. डुकराच्या यकृतात ते जास्त होतं, म्हणून डुकरं सगळ्यात हळवी. कोंबड्यांना जवळजवळ काही होत नाही. न्यूझीलंडमध्ये मेंढ्या चरतात त्या कुरणांतच ही बुरशी असते आणि तिथे मेंढ्यांची कोकरं कमी होण्यामागे तिचा हात सापडला. माज नीट येत नाही, बीज कमी सुटतात.

माजावर येणाऱ्या डुकरिणींची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा उठून पाणी प्यायले होते. खाद्यात हे विष पुरेसं असलं तर त्यांचं चक्रच थांबतं. बीज सुटून गेल्यावर अंडाशयात जी पिवळी गाठ उरते ती वेळेवर विरघळायला हवी, ती विरघळत नाही. शरीराला वाटतं आपण गाभण आहोत. आत काहीच नसतं.

आता माझ्याविषयी थोडं. लग्न 2006 साली झालं, पुढच्या वर्षी चेन्नईला आले. 2010 साली नवव्या आठवड्यात पहिला गर्भ गेला, 2012 साली अकराव्यात दुसरा. 2013 साली दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा एंडोमेट्रिओसिस निघाला. गर्भाशयाचं अस्तर भलतीकडे वाढण्याचा हा आजार, आणि तो इस्ट्रोजेनवर पोसला जातो. पुढे तीनदा टेस्ट ट्यूबचा प्रयत्न केला. 2017 साली थांबलो. एवढंच. हे चार ओळींत लिहायला मला सहा वर्षं लागली, त्यामुळे याहून जास्त लिहीत नाही.

चेन्नईत राहणाऱ्यांना ठाऊक आहे, या शहरात वंध्यत्वाच्या दवाखान्यांचे फलक दागिन्यांच्या दुकानांच्या फलकांना खेटून असतात. दोन्हींवर गुटगुटीत हसू. सिग्नलला रिक्षा थांबली की मी उजवीकडे बघायची का डावीकडे हे आधीच ठरवून ठेवत असे. ऑफिसातल्या मुलींच्या वळैकाप्पुला जायचे. वळैकाप्पु म्हणजे आपलं डोहाळजेवण, फक्त इथे बांगड्यांचा मान मोठा. काचेच्या बांगड्या हातभर भरतात, आणि आलेल्या बायकांनाही त्यातल्या थोड्या मिळतात. मला मिळालेल्या बांगड्यांचा एक डबा भरला होता. अत्तैंनी तो कधीतरी गुपचूप कुणाला देऊन टाकला. त्यांनी मला कधी एका शब्दानं दुखवलं नाही, हेही इथेच सांगते, कारण अशा लेखांत सासूची जागा ठरलेली असते.

एक आठवण मात्र विषयाला धरून आहे. पहिल्या गर्भपातानंतर मला रक्तस्राव थांबायला गोळ्या दिल्या होत्या. रिकाम्या पाकिटावरचं नाव वाचलं: मिथाइलअर्गोमेट्रीन. मी रसायनशास्त्राची, मला ते नाव उलगडत गेलं. हे औषध अर्गटचं पोर. अर्गट म्हणजे राय या धान्याच्या कणसावर वाढणारी बुरशी. युरोपात सुइणी ती शेकडो वर्षं कळा आणण्यासाठी वापरत, आणि तिनंच गावंच्या गावं पांगळीही झाली. 1935 साली लंडनमध्ये तिच्यातून अर्गोमेट्रीन वेगळं केलं, आणि बाळंतपणातल्या रक्तस्रावानं मरणाऱ्या कितीतरी बाया वाचल्या. आपल्याकडे बाजरीवर पडतो तो अरगट निराळ्या जातीचा. 1950च्या दशकात मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन लोकांना ओकाऱ्या, गुंगी, चक्कर येण्याची साथच आली होती. त्यात हे औषध नसतं. तर सांगायचं ते हे, की गर्भाशय आणि धान्यावरची बुरशी यांची ओळख जुनी आहे. अंथरुणावर पडल्या पडल्या मला त्या पाकिटाची गंमत वाटली होती. नंतर ती राहिली नाही.

कारण माझ्या फाइलवर कारणाच्या रकान्यात काही नव्हतं. सगळ्या तपासण्या झाल्या, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, का हे नेमकं सांगता येत नाही. ते खरं बोलत होते. पण जिच्या आयुष्याचा धंदाच रेघेवरचं टेंगूळ शोधण्याचा, तिला सरळ रेघ सोसत नाही.

म्हणून मी वाचत सुटले. दिवसा मक्याचे नमुने, रात्री त्यांच्याविषयीचे निबंध. इटलीत तोस्कानामध्ये अकाली वयात आलेल्या 32 मुलींचं रक्त तपासलं, तर सहा जणींत हे विष जास्त निघालं. तो निबंध 2008चा. मी जवळजवळ उभी राहिले. मग 2011चा न्यू जर्सीचा निबंध हाती आला. नऊ-दहा वर्षांच्या 163 मुलींची लघवी तपासली, दहातल्या जवळजवळ आठ जणींत झिअरॅलेनोन किंवा त्याची रूपं सापडली. पण त्या मुली लवकर वाढलेल्या नव्हत्या. उलट त्या जरा बुटक्या होत्या आणि छाती यायला त्यांना उशीर होत होता. म्हणजे बतावणी करणारा एकीकडे दार उघडतो आणि दुसरीकडे खऱ्या मालकालाच आत येऊ देत नाही की काय? असेलही. पण एवढ्यावरून गर्भ का पडला, अंडाशय का थकलं, हे कुणी सांगू शकत नाही. आयार्क या कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं 1993मध्येच ते अशा गटात टाकलं, की ज्याबद्दल माणसाबाबतीत काही ठरवता येत नाही. डुकराबद्दल सगळं पक्कं, बाईबद्दल सगळं कच्चं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2011 साली माणसासाठी रोजची मर्यादा ठरवली, तीही डुकरिणींवरच्या प्रयोगांवरून: वजनाच्या दर किलोमागे पाव मायक्रोग्रॅम.

ही मर्यादा वाचल्यावर मी जे केलं ते माझ्यासारखी कुठलीही करेल. कागद घेतला. माझं वजन 55 किलो, म्हणजे दिवसाला पावणेचौदा मायक्रोग्रॅम. माझ्या आईच्या घरात मोठं माणूस दिवसाला सहज तीनशे ग्रॅम ज्वारीचं पीठ खातं. म्हणजे किलोभर ज्वारीत 46 मायक्रोग्रॅम विष असलं की मर्यादा गाठली. युरोपात थेट खायच्या धान्यात 75पर्यंत चालतं. त्यांना चालेल, ते पावाचे चार तुकडे खातात. मग मी सात-आठ वर्षांची मुलगी धरली. वजन वीस किलो, दोन भाकऱ्यांचं पीठ दोनशे ग्रॅम. तिची मर्यादा किलोमागे 25ला संपते. ती मुलगी कोण, हे मी कागदावर लिहिलं नाही.

इथे ज्वारीविषयी सांगायला हवं. आमचं गाव परभणी जिल्ह्यात. माझ्या आज्जीच्या काळी खरिपाची ज्वारी गावरान होती, उंच आणि उशिरा येणारी. दिवस लहान व्हायला लागले की तिला कणीस यायचं, आणि दाणा भरेपर्यंत पाऊस निघून गेलेला असायचा. हे गणित शेकडो वर्षांत बसलेलं. 1964 साली सीएसएच-1 हे पहिलं संकरित वाण आलं, मग त्याच्या पाठोपाठ इतर. बुटकी, लवकर येणारी, दुप्पट-तिप्पट पिकणारी ज्वारी. तिला लोक नुसतं हायब्रीड म्हणत. बहात्तरच्या दुष्काळात अमेरिकेचा लाल मिलो खाल्लेल्या माणसांना हायब्रीड म्हणजे देवच. पण ती लवकर यायची, म्हणजे भर पावसात दाणा भरायचा. परतीचा पाऊस लांबला की उभ्या कणसांत बुरशी शिरायची. दाणे करडे, गुलाबी, मग काळे. अशी ज्वारी बाजारात कवडीमोल. म्हणून जी विकली जायची नाही ती घरात यायची. रब्बीची पांढरीशुभ्र ज्वारी सणाला, पाहुण्याला आणि विकायला.

त्या काळ्या ज्वारीच्या भाकरीचा रंग मला आजही आठवतो, पावसाळी आभाळासारखा. चव किंचित कडू. आम्ही कुरकुर केली की आई त्यावर लसणाची चटणी जास्त घालायची. आज्जीचा एक नियम होता, गाभण म्हशीला काळं कणीस घालायचं नाही. घातलं तर ती टाकते. आमच्या घरात त्या वर्षांत दोन गाभण म्हशी होत्या आणि दोघी पांढरा कडबा खात. हे आठवलं त्या रात्री मला झोप लागली नाही. शास्त्र म्हणतं गुरं या विषाला डुकरांइतकी हळवी नसतात, त्यामुळे आज्जीचा नियम दुसऱ्याच कशामुळे पडला असेल. पण रात्री दोन वाजता शास्त्र एवढं जवळचं राहत नाही.

दख्खनच्या काळ्या ज्वारीत काय असतं याचा शोध हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या लोकांनी खूप घेतला आहे. 1978 साली त्यांनी ज्वारीत टी-2 नावाचं फ्युजेरियमचं विष दाखवलं. 1995 साली अवकाळी पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत लोकांची पोटं बिघडली, त्यात त्यांना फ्युमोनिसिन सापडलं. हे फ्युमोनिसिन इस्ट्रोजेनची नक्कल करत नाही. पण ते पेशीत फॉलिक आम्ल शिरू देत नाही, आणि 1990-91मध्ये टेक्सासच्या मेक्सिकोला लागून असलेल्या भागात मेंदू न बनलेली बाळं एकामागून एक जन्मली तेव्हा मक्याच्या रोटीतल्या याच विषावर संशय गेला. आपल्या ज्वारीवर चढणाऱ्या फ्युजेरियमच्या जाती मुख्यतः या घराण्यातल्या. झिअरॅलेनोन बनवणाऱ्या जाती थंड, ओल्या हवेच्या शौकीन, त्यांना मका आणि गहू जास्त आवडतो. म्हणजे मी ज्याच्यावर डोळा ठेवून होते तो आरोपी माझ्या गावात फारसा राहतच नसावा. हे मला ठाऊक होतं. तरी पिशव्या भरून ठेवल्या होत्या.

जानेवारीत साहेबांना सांगून, पैसे भरून, मी ते नमुने लावले. नंबर दिले. सहकारी मुलीनं विचारलं, पार्टी कोण? मी म्हटलं, घरचीच. अफ्लाटॉक्सिनचं पीक पडद्यावर असं उठलं की कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. कायद्यानं किलोमागे 15 मायक्रोग्रॅम चालतं, खालच्या थरातल्या पिशवीत त्याच्या चौपट निघालं. झिअरॅलेनोनच्या जागी सरळ रेघ. असंच व्हायला हवं होतं. चेन्नईच्या दमट उकाड्यात पोत्यात वाढते ती अस्परजिलस. फ्युजेरियम शेतातून येते, पलंगाखालून नाही. मी रेघेकडे पाहत बसले. इतकी वर्षं गिऱ्हाइकांना 'सापडलं नाही' हा शब्द आनंदाची बातमी म्हणून कळवत आले. शिवाय त्या शब्दात खोच असते. झाडं कधी कधी या विषाला साखरेचा रेणू चिकटवून ठेवतात, मग साध्या तपासणीला ते दिसत नाही आणि आतड्यात गेल्यावर साखर सुटून पुन्हा मोकळं होतं. ते ठाऊक असूनही आम्ही 'सापडलं नाही' लिहितोच.

मग मी दादाला फोन केला. म्हटलं, पावसात काळी पडलेली खरिपाची ज्वारी मिळेल का, किलोभर? दादा हसायला लागला. "काळी ज्वारी? अगं, आता खरिपाला ज्वारी कोण पेरतंय? सगळीकडं सोयाबीन. गावात पाच एकर शोधून सापडायची नाही." त्यानं तरी एका दोघांना विचारलं. नाही मिळाली.

म्हणजे नमुनाच संपला. 1986 ते 1992 या वर्षांत त्या भाकरीत काय होतं हे आता कुणीच तपासू शकत नाही. ते वाण गेलं, तो दाणा गेला, जो होता तो आम्ही खाल्ला. शरीरातही त्याचा माग नाही, हे विष एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातं. जे काही करायचं ते करून जातं, किंवा काहीच न करता.

दादानं ही चौकशी आईला सांगितली असणार. रविवारी तिचा फोन आला. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, कानानं कमी, त्यामुळे ती ओरडून बोलते आणि गुपितसुद्धा ओरडूनच सांगते.

"काय करायलीस?"

"काही नाही. बस बस, बोल."

"दादा म्हणत होता, तू काळी ज्वारी मागवायलीस. मशीनमधी घालायला."

मी काहीतरी ऑफिसच्या कामाचं सांगायला लागले. तिनं मधेच तोडलं.

"मला सरळ सांग. माझ्या भाकरीनं झालं का तुला ते?"

इतक्या वर्षांत आम्ही दोघी 'ते' असंच म्हणत आलो. मी म्हटलं, नाही गं आई, तसं काही सिद्ध झालेलं नाही. सिद्ध झालेलं नाही हे वाक्य तिला कळलं नाही की जास्तच कळलं, ठाऊक नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग सांगायला लागली, ती ज्वारी ती कशी करायची. आधी सुपात घोळायची, हलके दाणे पुढे यायचे ते कोंबड्यांना. मग परातीत पसरून एक एक काळा दाणा उचलायची. उरलेली पाण्यात टाकायची, तरंगेल ते फेकायची, बुडेल ते तीनदा धुऊन घोंगडीवर वाळवायची. कधी कधी उखळात कांडून वरचं साल काढायची. "निम्मी जायची बग त्यात. तुझे बाबा म्हणायचे, पोरांच्या तोंडातलं कोंबड्यांना घालती. पण मी काळी तशीच दळली न्हाई कधी."

मी तिला सांगितलं, की आई, हलके दाणे वेगळे काढणं, धुणं, सालं काढणं, यानं बुरशीचं विष बरंच कमी होतं. पुस्तकात आहे. तव्यावर भाजून ते जात नाही, पण तू करायचीस त्यानं जातं. सगळं नाही. पण बरंच.

"पुस्तकात हाय?"

"हो."

"कुणी लिहिलं?"

आता याचं काय उत्तर देणार! मी म्हटलं, मोठ्या लोकांनी.

मग तिनं ते सांगितलं, जे मला पंचेचाळीस वर्षांत ठाऊक नव्हतं. दादाच्या आणि माझ्या मधे सहा वर्षांचं अंतर आहे. मी कधी विचारलं नव्हतं, त्या काळी एवढं अंतर कसं. "मधी दोन गेले माझे," ती म्हणाली, त्याच चढ्या आवाजात. "एक तिसऱ्या महिन्यात, एक पाचव्यात. त्या दोन्ही सालांला पाऊस लई होता, एवढं आठवतं. शेतात होते मी." मी विचारलं, दवाखान्यात गेली होतीस? "कशाला? सासू म्हणली, आलं तसं गेलं. चौथ्या दिवशी कामाला."

पाऊस. मला वाटलं, आता मी इथे टेंगूळ शोधणार. दोन पावसाळे, काळी ज्वारी, तिसरा महिना, पाचवा महिना. मनात आकडे एकमेकांकडे सरकायला लागले, अगदी सराईतपणे. मग लक्षात आलं, की पाऊस जास्त म्हणजे निंदणी जास्त, ओझी जास्त, हिवताप जास्त, आणि पोटात कमी. त्या बाईच्या अंगावर तेव्हा एकटं एक विष नव्हतं. मी म्हटलं, आई, तू मला कधी सांगितलं नाहीस. ती म्हणाली, "तुझं झालं तव्हा सांगणार होते. पण तुला वाटलं असतं, आईकडूनच आलं."

फोनवर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. तिच्याकडे टीव्ही चालू होता.

"मग ज्वारी पाठवू का नको?" तिनं विचारलं.

"पाठव. रब्बीची."

"रब्बीचीच हाय. मालदांडी. ती काळी पडत न्हाई." आणि मग, "तुमच्या मशीनला एका बारीला किती पडतात?"

मी आकडा सांगितला. तीन हजार आणि वर कर.

"अगं बाई," आई म्हणाली, "तेवढ्यात क्विंटल येती."

पोतं मार्चमध्ये आलं, ट्रॅव्हल्सच्या गाडीतून, आणि आम्ही ते पलंगाखाली ठेवलं नाही. माळ्यावर झाकणाचे दोन पत्र्याचे डबे घेतले. भरायच्या आधी गच्चीवर दोन दिवस उन्हात पसरलं. अत्तै काठी घेऊन कबुतरं हाकत बसल्या. संध्याकाळी मी सूप काढलं, आणि त्या समोर पाय पसरून बसल्या. त्यांच्या माहेरी, विलुप्पुरमकडे, लहानपणी सोळमच खायचे, मग रेशनचा तांदूळ आला आणि ते सुटलं, असं त्या सांगत होत्या. मधेच एक दाणा त्यांनी चिमटीत धरून उजेडात नेला, माझ्यासमोर धरला आणि भुवया उंचावल्या. नुसती माती लागली होती. मी मान हलवली. त्यांनी तो तरीही बाजूला टाकला.